शिवलेला फेटा

पुतणी जर्मनीतल्या एका कलाशिबिराचा अर्ज भरत होती. ‘तुमची सांस्कृतिक ओळख दोनशे शब्दांत लिहा.’ ती म्हणाली, “काका, काय लिहू?” मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “त्यात काय? फेटा बांध, लावणी कर. आपली अस्मिता दिसली पाहिजे!” टीव्हीवर लावणी लागली की आवाज बंद करणारा हा माणूस.

ओळख आणि अस्मिता एकाच मापाने मोजली की माझं डोकं फिरतं. ओळख दोघांत होते; ती करून द्यावी लागते, ठेवावी लागते. अस्मितेला दुसरं माणूस लागतच नाही. मूळ अर्थच ‘मी आहे’. पतंजलीने तिला अविद्या, राग, द्वेष यांच्या पंगतीला, पाच क्लेशांत बसवलंय. आपण तिच्या नावाने मोर्चे काढतो.

१९८० साली थिएटर अ‍ॅकॅडमीची मंडळी ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक घेऊन युरोपला निघाली, तेव्हाही अस्मिताच आडवी आली. नाना फडणवीसांची बदनामी, तीही परदेशात! मंडळी गेलीच. क्षणात भिंत, क्षणात पडदा होणारी पुणेरी ब्राह्मणांची ती रांग तिकडे डोलली. घरचं उणं चारचौघांत दाखवता येणं हीच ओळख, असं मी दादाला ठणकावलं.

आणि तिथेच अडखळलो. ती रांग आली कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्यातून. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पुण्यातल्या या हौशी मंडळींना खेळे तरी कुठे ‘आपले’ होते? कृष्णदेव मुळगुंदांनी पावलं बसवून घेतली, तेव्हा जमलं. म्हणजे परका मुलूख युरोपच्या कितीतरी आधी, घाट उतरल्यावरच सुरू झाला होता. पुढे १९८६ मध्ये आगाशेंनी बर्लिनचं ‘ग्रिप्स’ बालनाट्य पुण्यात आणलं. परी नाही, राक्षस नाही. मोठी माणसं लहान मुलं होऊन घरातलीच भांडणं भांडतात. ‘हे कुठलं?’ असं प्रेक्षकांतल्या एकाही पोराने विचारल्याचं मला आठवत नाही.

मग फेट्याने तरी काय घोडं मारलंय? शिकला तर तोही आपला.

“बरं, नेऊ दे फेटा,” मी म्हणालो. “तू शिकव बांधायला.”

दादा गप्प. त्याच्या लग्नात फेटे बांधायला माणूस बोलावला होता. आता तर शिवलेला मिळतो, टोपीसारखा चढवायचा. पुतणीने मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि वहिनीची जुनी साडी काढली. तिसऱ्या वेढ्याला सगळं सुटून खांद्यावर आलं.

अर्जातली जागा अजून कोरीच आहे.