हाक एकाची, ओ दुसऱ्याची

पुण्याहून अहिल्यानगरास जातांना पारनेर तालुक्यांतील सुपा हें गांव लागतें. गांवालगत औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळें मालमोटारींची वर्दळ मोठी आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस खाणावळींच्या पाट्याही पुष्कळ. प्रत्येक पाटी वाटसरूस सांगते कीं, पुढें जाऊं नका, येथेंच थांबा. या पाट्यांना कोणी अनीतिमान् म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पाटी कोणाची हें पाटीवरच लिहिलेलें असतें. ती पैसे खर्चून उभारली आहे हें लहान मूलही जाणतें. आणि वाचणारा आपल्या भुकेप्रमाणें व खिशाप्रमाणें थांबतो किंवा पुढें जातो.

याच वसाहतींत आमच्या एका स्नेह्यांचा लहानसा कारखाना आहे. यंत्रें परगांवीं पाठविण्यासाठीं लागणारीं लांकडी खोकीं ते तयार करतात. पूर्वीं त्यांचें गिऱ्हाईक ओळखीपाळखीनें येई. आतां तें गूगलसारख्या शोधयंत्रांतून येतें. म्हणून त्यांनीं ऑनलाइन जाहिरातींचें काम करणाऱ्या एका तरुणास बोलाविलें. त्यानें सल्ला दिला कीं, या धंद्यांतील सर्वांत नांवाजलेल्या कारखान्याच्या नांवावरच आपण बोली लावावी. म्हणजे जो कोणी तें नांव लिहून शोध करील, त्याच्यापुढें प्रथम आपली जाहिरात येईल. आमच्या स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, “कायदा आड येत नाहीं असें तो म्हणतो. पण हात धजत नाहीं. करावें काय?” प्रश्न एका माणसाचा आहे; परंतु आज लहानमोठ्या प्रत्येक व्यापाऱ्यापुढें तो केव्हांतरी उभा राहणारच, म्हणून त्याचा जरा विस्तारानें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

शोधयंत्राच्या उत्तरांत दोन प्रकारचीं स्थानें असतात : एक अर्जित आणि दुसरें क्रीत. पहिलें मिळविण्यास आपल्या पानावर खरी व उपयुक्त माहिती असावी लागते, इतर विश्वसनीय पानांनीं तिकडे बोट दाखवावें लागतें, आणि या सर्वांस महिनेच्या महिने लागतात. दुसरें लिलावांत मिळतें. कोणी एकादा शब्द लिहून शोध केला कीं, त्या शब्दावर बोली लावणाऱ्यांचा लिलाव क्षणार्धांत होतो. त्यांत बोलीच्या रकमेबरोबरच जाहिरातीचा त्या शोधाशीं किती संबंध आहे व तिच्या मागचें पान कितपत उपयोगी आहे, हेंही पाहिलें जातें. आणि सामान्यतः वाचकानें जाहिरातीवर टिचकी मारली तरच जाहिरातदारास पैसे पडतात.

शोधाच्या उत्तरांत स्थान लिलावानें विकण्याची ही पद्धति 1998 सालीं अमेरिकेंतील गोटू या कंपनीनें पुढें आणली. त्याच वर्षीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सर्गे ब्रिन व लॅरी पेज या दोघां विद्यार्थ्यांनीं गूगलविषयींच्या आपल्या निबंधांत इशारा दिला होता कीं, जाहिरातींवर जगणारें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल व शोधणाऱ्याच्या गरजेपासून दुरावेल. ऑक्टोबर 2000 मध्यें त्यांच्याच गूगलनें शोधशब्दांवर जाहिराती घेण्याची योजना सुरू केली. यावरून त्यांस दांभिक ठरविण्याची आम्हांस घाई नाहीं; जें यंत्र कोट्यवधि लोक फुकट वापरतात, त्याचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. परंतु इशारा देणाऱ्यांसच जो मोह आवरला नाहीं, तो सुप्याच्या लहान कारखानदारानें आवरावा असें सांगतांना आपण थोडें नम्र असावें, हें बरें.

कायद्याचा कौल काय, तेंही पाहूं. 2002 सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें शोधयंत्रांस बजावलें कीं, पैसे घेऊन दिलेलें स्थान तसें स्पष्ट दिसलें पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या 2023 सालच्या मार्गदर्शक नियमांतही छुपी जाहिरात ही ग्राहकास चकविणाऱ्या क्लृप्त्यांत गणलेली आहे. नांवांविषयीं म्हणाल, तर ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नांवावरून चाललेल्या वादांत दिल्ली उच्च न्यायालयानें ऑगस्ट 2023 मध्यें असें सांगितलें कीं, दुसऱ्याचें व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरलें एवढ्यानेंच उल्लंघन होत नाहीं. मात्र त्यायोगें ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर तें उल्लंघन ठरेल, आणि गूगलही या व्यवहारांत केवळ तटस्थ प्रेक्षक नाहीं. सारांश, त्या तरुणाचें म्हणणें कायद्यापुरतें अगदींच खोटें नव्हतें.

त्याच्या बाजूनें आणखीही बोलतां येईल. नव्या माणसास नांव नसतें. आणि नांव असलेल्यांसच गिऱ्हाईक मिळत राहिलें, तर नव्यानें नांव कमवावें तरी कसें? शिवाय जुन्या दुकानाशेजारीं नवें दुकान थाटणें हें आपण कधींच पाप मानलें नाहीं. बाजारपेठा अशाच वाढल्या. हा युक्तिवाद आम्हांस वजनदार वाटतो.

तथापि त्यांत एक भेद नजरेआड होतो. “लांकडी खोकीं कोठें मिळतील?” असें विचारणारा सर्वांस हाक मारीत असतो; त्या हाकेला जो तो आपल्या नांवानें ओ देवो, त्यांत अन्याय नाहीं. परंतु जो विशिष्ट माणसाचें नांव घेऊन शोधतो, त्यानें एकालाच हाक मारलेली असते. त्या हाकेमागें त्या माणसाच्या वीसतीस वर्षांच्या चोख व्यवहाराची पुण्याई उभी असते. तेथें मध्येंच आपण ओ देणें म्हणजे शेजारीं दुकान थाटणें नव्हे, तर दुसऱ्याच्या दारांत उभें राहून त्याचा पाहुणा वळविणें होय. आणि याचें फळ पुढें असें होतें कीं, तो जुना कारखानदारही स्वतःच्याच नांवावर बोली लावूं लागतो. जें नांव त्यानें घाम गाळून मिळविलें, त्याचें भाडें त्याला दररोज भरावें लागतें. दोघे भांडतात, आणि नफा मात्र लिलाव मांडणाराचा!

आम्हीं स्नेह्यांस एवढेंच सांगितलें : आपली जाहिरात अवश्य द्या, पैसे देऊन घेतलेली जागा लज्जास्पद नाहीं. पण बोली गरजेवर लावा, नांवावर नको. कोणत्या यंत्राचें खोकें, किती वजनाचें, परदेशीं धाडावयाचें कीं देशांतच, आणि हवें सुप्याच्या आसपास, अशा नेमक्या शब्दांवर झुंबड कमी असते. तेथें टिचकी बहुधा स्वस्त पडते आणि येणारें गिऱ्हाईक खरोखर गरजू असतें. आणि त्याच वेळीं आपलें पान इतकें खरें ठेवा कीं, आज विकत घेतलेलें स्थान उद्यां अर्जित व्हावें.

त्यांनीं तसेंच केलें. गिऱ्हाईक वाढलें, पण त्या तरुणानें सांगितलें होतें तितकें नव्हे. हें लपविण्याचें आम्हांस कारण नाहीं. सचोटी नेहमींच किफायतशीर असते असें म्हणणें हीही एक प्रकारची खोटी जाहिरातच होय. परवां ते म्हणाले, “कालच आमच्या कारखान्याचें नांव लिहून शोधणारा पहिला माणूस आला.” तें सांगतांना त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान होतें, तें कोणत्याही लिलावांत मिळण्यासारखें नव्हतें. त्या दिवशीं हाक त्यांना मारलेली होती, आणि ओही त्यांनींच दिली होती.