यंत्राची पूजा आणि दैवाचा वाटा

दसऱ्याला वसईच्या वालीव-गोखिवरे भागातल्या कारखान्यांत प्रेशर गेजलाही हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. पुढे दुर्घटना घडली, की ‘नशिबात होतं’ म्हणून विषय संपतो. हे बोलणं श्रद्धेला धरून नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव. पहिली चार न तपासता पाचव्यावर बोट ठेवणं म्हणजे गीता अर्धवट वाचणं. 1984 साली भोपाळमध्ये वायुगळती झाली तेव्हा विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळणाऱ्या फ्लेअरची पाइपलाइन सोडवून ठेवलेली होती. तिथे दैवाआधी माणसं चुकली. आपल्याच जिल्ह्यातल्या तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, तरी हाच क्रम पाळायला हवा.

कोणी म्हणेल, सेन्सरही बिघडतो. मग शेवटी दैवच ना? पण तो बिघडणार हे धरूनच सुरक्षा रचतात. रिअ‍ॅक्टर चालवणारी यंत्रणा वेगळी, तो बंद करणारी ट्रिप वेगळी आणि विजेशिवाय, निव्वळ दाबाने उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याहून वेगळा. दैवाला मान देण्याची ही खरी रीत आहे. पूजेने कामगाराला धीर येतो, हेही खरं, आणि तो यावाच. मात्र उत्पादन थांबू नये म्हणून ट्रिप बायपास करणारा त्याच धीराचा घात करतो. वेळेवर केलेलं कॅलिब्रेशन हीच गेजची वर्षभराची पूजा, कारण त्या काट्यावर माणसाचा जीव विसंबलेला असतो.