दुसऱ्याची गोष्ट

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यापीठात नाव घातले, तेव्हा मिरजेहून आईने फोनवर विचारले, "आता आणखी कसली डिग्री राहिली तुझी?" एखादी नवी स्पेशालिटी असेल असे तिला वाटले होते. लेखन शिकायला जाते आहे म्हटल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "लिहायला शिकावं लागतं होय?"

आईचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण आयर्लंड हा लेखकांचा देश. डब्लिन, गॉलवे, कॉर्क, लिमरिक, सगळीकडच्या विद्यापीठांत लेखनाचे एम.ए.च्या दर्जाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांतल्याच एकात मी अर्धवेळ विद्यार्थिनी झाले. आठवडाभर दवाखाना आणि एक दिवस वर्ग. वर्गातली बहुतेक मुले माझ्या मुलीच्या वयाची. मी निवडलेल्या विषयाला इंग्रजीत 'नॅरेटिव्ह नॉनफिक्शन' म्हणतात. मराठीत आपण रिपोर्ताज म्हणतो, त्याच्या जवळचा हा प्रकार. सोप्या भाषेत सांगायचे तर जे घडले तेच लिहायचे, पण बातमीसारखे कोरडे नाही, गोष्टीसारखे. माणसे बोलतात, चालतात, घरात चहा उकळत असतो, बाहेर पाऊस पडत असतो. मात्र त्यातला पाऊससुद्धा खरा हवा.

या प्रकारातले ट्रुमन कपोटी यांचे एका खुनावरचे पुस्तक १९६६ साली आले आणि जगभर गाजले. त्याच्या शेवटी स्मशानभूमीतल्या भेटीचा एक सुंदर प्रसंग आहे. तो प्रसंग घडलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. आमच्या वर्गात यावर पुष्कळ चर्चा झाली, पण मतभेद फारसे नव्हते. खऱ्यात खोटे मिसळू नये, हे कुणालाही पटते. मला अडवले ते दुसऱ्या प्रश्नाने. सगळे खरे आहे, अक्षर न् अक्षर खरे आहे, पण ते माझे नाही. मग ते सांगण्याचा अधिकार मला आहे का?

आम्ही डॉक्टर मंडळी 'हिस्टरी घेतली' असे म्हणतो. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षापासून हा शब्द तोंडात बसलेला असतो. रुग्ण देतो, आपण घेतो. त्याच्या बदल्यात निदान, औषध, निदान धीर तरी देतो, म्हणून त्या घेण्यात संकोच वाटत नाही. लेखकही हिस्टरीच घेतो. तोही समोर बसून विचारतो, मान डोलावतो, लिहून घेतो. फरक एवढाच की डॉक्टर ती कपाटात कुलूपबंद ठेवतो आणि लेखक ती छापतो. मग तो त्या माणसाला परत काय देतो?

आपल्याकडे हे दोन्ही व्यवसाय ज्यांच्यात एकत्र आले ते म्हणजे डॉ. अनिल अवचट. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.बी.बी.एस. होऊनही त्यांनी आयुष्यभर हमालांच्या, कामगारांच्या, व्यसनाने पोखरलेल्या तरुणांच्या कहाण्या ऐकल्या आणि लिहिल्या. 'गर्द'मधल्या लेखनातून आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. म्हणजे घेतलेली हिस्टरी उपचार होऊन परत गेली. पण असे भाग्य प्रत्येक लिहिणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. आपण साध्या माणसांनी काय करावे?

माझ्यापुढे हा प्रश्न सत्राच्या मध्यावर उभा राहिला. पाच हजार शब्दांचा मोठा लेख द्यायचा होता. सहाध्यायी म्हणाले, "तुला काय, तीस वर्षांचा खजिना आहे!" खजिना होता हे खरेच. मी नव्वदच्या दशकात इथे आले आणि पश्चिमेकडच्या एका गावात जी.पी. झाले. त्या काळी वयस्क आयरिश बायका रक्तदाब तपासून झाला तरी खुर्चीतून उठत नसत. मग हळूच एखादी सांगे, की लग्नाआधी तिला एक मूल झाले होते. नन्सच्या संस्थेत झाले, तिथेच राहिले आणि पुढे दुसऱ्याच्या घरी गेले. नवऱ्याला, मुलांना, कुणालाच हे ठाऊक नसे. "तुम्ही इथल्या नाही ना, म्हणून सांगते," असे एकीने मला म्हटले होते. रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणार नाही असा डॉक्टर तिला हवा होता. परकेपणाचा असाही उपयोग असतो हे मला तोवर माहीत नव्हते. अशा बायका इथल्या कोणत्याही जुन्या जी.पी.ला भेटलेल्या आहेत, त्यामुळे एवढे सांगण्याने कुणी ओळखले जात नाही. याहून अधिक मी इथे सांगणार नाही.

वर्गाचे म्हणणे होते की हे लिहिलेच पाहिजे. नाव बदल, गाव बदल, ती तर आता हयातही नाही. शिवाय गप्प बसण्यानेच या देशाचे केवढे नुकसान झाले! हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ट्यूम गावातल्या अशाच एका संस्थेत १९२५ ते १९६१ या काळात ७९६ बालके दगावली, पण त्यांच्या दफनाची नोंद सापडेना. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या गृहिणीने स्वतःचे पैसे घालून एकेका मुलाचा मृत्यूचा दाखला मिळवला आणि २०१२ साली गावच्या इतिहास मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला. २०१४ मध्ये ती बातमी जगभर गेली. २०१७ साली त्या जागी बालकांचे अवशेष असल्याचे सिद्ध झाले आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिथे उत्खनन सुरू झाले. या बाईंनी "हे माझे नाही" म्हणून हात झटकले असते तर? ती ७९६ नावे तशीच फायलींत पडून राहिली असती.

पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. सरकारने २०१५ मध्ये चौकशी आयोग नेमला. त्याच्या गोपनीय समितीपुढे सुमारे साडेपाचशे जणांनी साक्षी दिल्या. जानेवारी २०२१ मध्ये अहवाल आला आणि अनेक बायकांनी सांगितले की आम्ही बोललो ते यात नाही, आमचे शब्द आमचे राहिलेले नाहीत. त्यातच, साक्षींचे ध्वनिमुद्रण पुसून टाकल्याचे कळले. ते पुढे राखीव प्रतींवरून परत मिळाले, पण मनाला लागायचे ते लागलेच. जन्मभर गप्प राहिलेल्या बाईने एकदा तोंड उघडावे आणि तिचे वाक्य दुसऱ्यानेच बदलून टाकावे, हे तिला पुन्हा गप्प करण्यासारखेच नाही का?

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण सविता हलप्पनवारचे. बेळगावची ही ३१ वर्षांची दंतवैद्य. माझ्या मिरजेहून बेळगाव काही तासांवर, पण माझी तिची ओळख नव्हती. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात ती जंतुसंसर्गाने गेली. गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिने गर्भपाताची विनंती केली होती, पण बाळाचे ठोके सुरू असल्याने ती मानली गेली नव्हती. १४ नोव्हेंबरला 'आयरिश टाइम्स'मध्ये ही हकीकत आली आणि देश हादरला. २०१८ च्या मे महिन्यात ६६.४ टक्के मतदारांनी राज्यघटनेतली गर्भपातबंदीची दुरुस्ती रद्द केली. त्या मतदानाविषयी आपल्यात वेगवेगळी मते असतील, मला त्यात शिरायचे नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ती हकीकत सांगायची की नाही हे तिच्या नवऱ्याने ठरवले. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने त्याने ती सांगितली. मतदानाच्या वेळी तिच्या आईवडिलांनीही आपले म्हणणे उघडपणे मांडले. पत्रकारांनी कुलूप फोडले नव्हते, दार आतून उघडले गेले होते. आणि तरीही, डब्लिनच्या भिंतीवर तिचा मोठा चेहरा रंगवलेला आणि त्याभोवती अनोळखी लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या, तेव्हा माझ्या मनात आले की ही आता सगळ्यांची सविता झाली. बेळगावातल्या घरातली सविता कितीजणांना ठाऊक असेल? परवानगी घेऊन सांगितलेल्या गोष्टीचीही किंमत असते, आणि ती घरच्यांनी मोजलेली असते.

मग माझ्या रुग्णांचे काय? मेडिकल कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे, रुग्णाच्या मृत्यूनंतरही गोपनीयता संपत नाही. पण नियमामागे लपणे मला पुरेसे वाटेना, कारण २०२२ च्या कायद्याने इथल्या दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माची माहिती मिळवण्याचा हक्क दिला आहे. त्या बायकांची मुले आता साठी-सत्तरीची असतील, कदाचित शोधत असतील. त्यांना कागद मिळेल. आई त्यांच्याविषयी काय बोलायची, हे कागदात कुठे असणार? ते माझ्या कानात आहे. मग माझे गप्प राहणेही निर्दोष नाही.

बरेच दिवस विचार करून मी एका निष्कर्षावर आले, तो तुमच्यापुढे ठेवते. एखादी गोष्ट कुणाचे तरी देणे असू शकते, पण म्हणून ती सगळ्यांचे देणे होत नाही. उद्या असे कुणी शोधत आलेच, तर कौन्सिलचा आणि वकिलाचा सल्ला घेऊन, जेवढे सांगता येईल तेवढे त्या एका माणसाला सांगावे असे मला वाटते. वाचकांना मात्र नाही. तूमच्या बालकांसाठी बोलणारे कुणीच उरले नव्हते, म्हणून कॉर्लेसबाईंनी बोलणे हे कर्तव्य होते. माझ्या रुग्णांनी बोलायचे ठरवले होते, आणि कुणाशी बोलायचे हेही ठरवले होते. नाव बदलून ते ठरवणे बदलत नाही. शिवाय ज्या गावात दोन टॅक्सीवाले आणि एक पोस्टमन, तिथे नाव बदलून लपते तरी काय!

महाभारत लिहून घेताना गणपतीने व्यासांना अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. व्यासांची उलट अट मात्र पटकन विसरतो: अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. आमच्या वर्गात वेग, शैली, रचना सगळे शिकवतात आणि ते उत्तम शिकवतात. पण समजणे म्हणजे केवळ काय घडले ते कळणे नव्हे. हे कुणी, कुणाला, कशासाठी सांगितले, हेही त्या समजण्यात येते.

शेवटी मी लेख लिहिला तो एका निवृत्त आयरिश बसचालकावर. तो माझा रुग्ण नव्हता, त्याच्या तरुणपणीच्या लंडनच्या मजुरीविषयी सांगायला तो स्वतः तयार झाला होता. लेख देण्याआधी त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी तो सगळा वाचून दाखवला. ज्या परिच्छेदाची मला धास्ती होती, त्यावर तो मोठ्याने हसला. भलत्याच एका साध्या वाक्यावर मात्र त्याने हात वर केला. "तेवढं काढ. माझी मुलगी वाचेल." मी ते काढले. कोणते वाक्य, ते अर्थातच सांगत नाही. लेखाला त्याने उणेपण आले असेल, गुणही थोडे गेले असतील. पण तो माणूस आजही मला रस्त्यात थांबवून बोलतो.

आता थोडे आपल्याविषयी. आपली मुले इथल्याच विद्यापीठांत शिकताहेत. त्यांतले कुणी तरी उद्या आपल्यावर लिहिणार आहे. कसे आलो, पहिल्या हिवाळ्यात कुठे राहिलो, कोणत्या फोननंतर रात्रभर जागलो, आईवडिलांच्या अंत्यदर्शनाला कोण पोहोचू शकले नाही. आपण काही सांगितलेच नाही तर ती अंदाजाने लिहितील, आणि अंदाज सहसा एक तर फार गोड असतो किंवा फार कडू. म्हणून त्यांच्याजवळ बसून सांगून ठेवावे. आणि त्यातले लिहायचे काय आणि फक्त त्यांच्यापाशी ठेवायचे काय, हेही त्याच वेळी सांगावे.