सर्च करून मिळालेलं वचन

गेल्या लेंटच्या सुरुवातीला मी बायबलच्या ॲपमध्ये 'अन्याय' हा शब्द सर्च केला. वसईच्या आमच्या वाडीवरून दादाशी भांडण होऊन तीन महिने झाले होते आणि मला देव माझ्या बाजूने हवा होता. ढीगभर वचनं मिळाली. त्यातली दोन कॉपी करून ठेवली, वेळ आली की फॅमिली ग्रुपवर टाकायला.

लेंट म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ. मधले रविवार सोडले तर ४० दिवस. कुणी मटण सोडतं, कुणी चहातली साखर. ते सगळ्यांना दिसतं. रोज शास्त्रवचन घेऊन प्रार्थनेला बसणं कुणाला दिसत नाही. मी बसायचो, पण वाचायचो लॉग फाइल वाचतात तसं. हवी ती ओळ सापडली की बाकीचं बंद.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८व्या प्रकरणात लेंटसाठी एक नियम आहे : प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते पहिल्यापासून, क्रमाने, पूर्ण वाचायचं. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी फेरी मारून कुणी गप्पा छाटत बसलंय का तेही बघायचं. (आमच्या मॅनेजरला हे आवडेल.) पुढे १२व्या शतकात ग्विगो नावाच्या मठाधिपतीने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवापाशी नुसतं शांत राहणं. मी पहिल्याच पायरीवर वकिली करत होतो.

म्हणून सर्च बंद केलं आणि चर्चने त्या त्या दिवसासाठी ठरवलेला उताराच वाचायचा, असं ठरवलं. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला येशू सांगतो की अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. लहानपणापासून ऐकलेला उतारा. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ 'भावाला माफ कर' असा पक्का बसला होता. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तसं तिथे नाहीच. माझ्या मनात भावाविषयी काय आहे, हा प्रश्नच नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काय आहे, ते आठवायचंय. आणि ऐकणारे होते गालीलातले, वेदी यरुशलेमात. म्हणजे परत जायचं तर काही दिवसांची पायपीट.

हा उतारा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ऐकवला जातो, हे मी पाहिलंय. मार खाणाऱ्या बाईला सांगतात, जा, मिटवून टाक. पण इथे चालायचंय ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. दिशा उलटी केली की तेच वचन दुसऱ्याचा गळा दाबायला वापरता येतं. मीही माझी दोन वचनं त्यासाठीच जपून ठेवली होती.

दादाच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक होतं. पप्पांच्या आजारपणात दोन वर्षं रात्री तो जागला. मी पुण्याहून पैसे पाठवले आणि प्रत्येक रक्कम एक्सेलमध्ये लिहून ठेवली. भांडणात ती शीट मी त्याला पाठवली होती. त्याच्या जागरणांना तिच्यात कॉलम नव्हता.

त्या सकाळी मी प्रार्थना केली का? शब्द तर एकही सुचला नाही. वीसेक मिनिटं बसून राहिलो, मग सुट्टी टाकली आणि निघालो. पुण्याहून वसईला जायला पायपीट लागत नाही, तरी मला तीन महिने लागले होते.

वाडीचं अजून काही ठरलेलं नाही. शीटबद्दल मात्र मी त्याची माफी मागितली. दादा केळींना पाणी सोडत होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग पाइप दुसऱ्या आळ्यात टाकत म्हणाला, "आलास ते ठीक. पण आज शुक्रवार आहे, मटण मिळायचं नाही."