स्वागत आणि स्वीकार

प्रवेशाचा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला आणि शुल्काची पावती यांचे सोपस्कार आटोपून विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या दफ्तरी दाखल झाले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याचा प्रवेश पूर्ण होतो. असे असताना दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्राचार्यांचे भाषण यांनी युक्त असा आणखी एक समारंभ आपण का योजतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी विद्येच्या स्वरूपाशीच तो निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा कार्यक्रम आखून दिला, हे उचितच झाले. परंतु अशा प्रसंगी शिस्त, हजेरी, परिश्रम यांचा सारा उपदेश बहुधा नवागतालाच केला जातो, आणि संस्था स्वतः कशाने बांधली गेली याचा उच्चार क्वचितच होतो.

आपल्या प्राचीन वाङ्मयात हा संबंध एकेरी नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य स्वतःच प्रार्थना करतो, की उतारावरून पाणी धावत यावे तसे चोहोंकडून विद्यार्थी माझ्याकडे यावेत. म्हणजे दाराशी उभा असलेला मुलगा हा केवळ याचक नसून, कोणा गुरूच्या प्रार्थनेचे तो फल असतो! अथर्ववेदातील ब्रह्मचर्यसूक्त तर याहून पुढे जाते: उपनयन करणारा आचार्य शिष्याला तीन रात्री गर्भाप्रमाणे आपल्या उदरात धारण करतो, असे तेथे म्हटले आहे. धारण करणाऱ्याची जोखीम यापेक्षा अधिक निःसंदिग्ध शब्दांत सांगता येईल, असे मला वाटत नाही.

मात्र हे दार सर्वांस खुले नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल आपले गोत्र ठाऊक नसल्याचे हारिद्रुमत गौतमाला निर्भयपणे सांगतो आणि गौतम त्याला समिधा आणावयास सांगून शिष्य करून घेतो, हा प्रसंग थोर खरा. तथापि अब्राह्मण इतके सत्य बोलणार नाही, या अनुमानावर गौतमाने तो स्वीकार आधारला, हे त्या कथेतील वैगुण्य झाकण्याचे कारण नाही. आजच्या महाविद्यालयाला अशा कोणत्याही अनुमानाची गरज उरलेली नाही, आणि म्हणूनच त्याचा स्वागतसमारंभ प्राचीन विधीहून श्रेष्ठ ठरू शकतो.

ठरू शकतो, एवढेच म्हणतो. कारण नवागताची ‘ओळख’ करून घेण्याच्या नावाखाली त्याची मानहानी करण्याची प्रथा इतकी बोकाळली, की महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. जेथे अधिकृत स्वीकार पोकळ असतो, तेथे वसतिगृहातला अनधिकृत आणि क्रूर विधी ती जागा बळकावतो.

म्हणून माझी सूचना अशी, की समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव मोठ्याने पुकारले जावे, आणि त्याची अडचण ज्याच्या कानावर घालावयाची त्या अध्यापकाने तत्क्षणी उभे राहून त्याचा भार आपण घेतल्याचे सांगावे. नावे शेकड्यांनी असतात, ही सबब खरी आहे. पण मग पाहुण्यांची भाषणे वगळावीत, आणि एक दिवस पुरला नाही तर दुसरा घ्यावा.