भरल्या ताटावरून

फेब्रुवारी महिन्यातील पहिला बुधवार अमेरिकेच्या दक्षिणेकडील गावांतून कित्येक वर्षे एखाद्या व्रताच्या दिवसासारखा पाळला गेला. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलेले, त्यावर दोन-तीन महाविद्यालयांच्या टोप्या ठेवलेल्या, आणि एका बाजूस आई व दुसऱ्या बाजूस शाळेचा प्रशिक्षक अशा थाटात बसलेला सतरा-अठरा वर्षांचा धिप्पाड मुलगा 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाच्या करारनाम्यावर सही करीत असे. 1964 साली सुरू झालेल्या आणि 2024 साली मोडीत काढलेल्या या दस्तऐवजाने मुलगा पुरता बांधला जाई. मन बदलून तो दुसरीकडे गेला, तर वर्षभराच्या खेळावर त्याला पाणी सोडावे लागे. महाविद्यालयही आपल्या बाजूने हमी देई, पण ती एका वर्षाच्या शिष्यवृत्तीची. (ज्या खेळासाठी हे सर्व चालते त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, तरी त्याला फुटबॉल का म्हणावे, हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवू.)

1994 पासून सुमारे तीन दशके नियम असा होता की वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयाने फुटबॉलसाठी एका वेळी 85 हून अधिक शिष्यवृत्त्या देऊ नयेत, आणि एका वर्षात 25 हून अधिक नवे शिष्यवृत्तीधारक घेऊ नयेत. परंतु सह्या होत फेब्रुवारीत आणि पटावरची मोजदाद होई ऑगस्टात. आणि या सहा महिन्यांच्या फटीतून एक प्रथा उगवली, जिला तिकडे 'ओव्हरसाइनिंग' म्हणतात. रिकाम्या होणाऱ्या जागा पंधरा असताना पंचवीस मुलांकडून सह्या घेऊन ठेवायच्या, आणि ऑगस्ट येईपर्यंत दहा नावे कशीतरी कमी होतील असे गृहीत धरायचे, एवढाच तिचा अर्थ.

या प्रथेच्या बाजूने जे बोलले जाते ते अगदीच टाकाऊ नाही. पंगतीला शंभरांना निमंत्रण देणारा यजमान शंभर पाने मांडीत नाही. कोणाला सोयर येते, कोणाची गाडी चुकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दक्षिणेकडील गरीब वस्त्यांतील कित्येक मुले सही करूनही प्रवेशाच्या परीक्षेत अडकतात, काहींना घरची ओढ लागते, काहींचे गुडघे जातात; मोजून सह्या घेतल्या तर ऑगस्टात जागा रिकाम्या राहतील आणि त्या जागांवर शिकू शकली असती अशी तितकीच गरीब मुले बाहेर राहतील, असे प्रशिक्षक म्हणतो. पण अंदाज चुकून शंभरच्या शंभर पाहुणे दारात उभे राहिले, तर आमटीत पाणी वाढते, घरची माणसे मागे थांबतात, आणि यजमानीण बहुधा उपाशी निजते. अंदाज ज्याचा, उपासही त्याचाच. येथे मात्र पाने कमी पडली की यजमान आपल्या जागेवरून हलत नाही. तो पंगतीत बसलेल्यांपैकी कोणा एकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला भरल्या ताटावरून उठवतो.

यात असत्य नेमके कोठे आहे, हे पाहू गेल्यास बुद्धी काहीशी घोटाळते. कांटने 1785 सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात खोट्या वचनाचे जे उदाहरण घेतले आहे, त्यातील कर्ज मागणाऱ्यास आपण पैसे फेडणार नाही हे बोलतानाच पक्के ठाऊक असते. आपला प्रशिक्षक तसा नाही. पंचवीस घरांच्या दिवाणखान्यांत बसून, पंचवीस मातांच्या हातचे खाऊन त्याने जे शब्द दिले, ते एकेकटे घेतले तर प्रत्येक बहुधा खराच ठरणार आहे. हेन्री कायबर्ग या तर्कशास्त्रज्ञाने 1961 साली लॉटरीचा जो विरोधाभास मांडला, त्यात प्रत्येक तिकीट हरेल असे मानणे जसे सयुक्तिक आणि सगळीच हरतील असे मानणे असमर्थनीय, तसाच हा प्रकार. प्रत्येक वचन संभाव्य आणि वचनांची बेरीज अशक्य! युधिष्ठिराने द्रोणाचार्यांपुढे उच्चारलेल्या वाक्यातही शब्दशः असत्य नव्हते, कारण अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही त्याचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला, तो श्रोत्याच्या मनात काय उतरणार हे जाणून तो बोलला म्हणून. मातेच्या मनात 'माझ्या मुलाची जागा' उतरते, हे प्रशिक्षक जाणतो. आणि घराघरांत वेगवेगळे दिलेले शब्द एका ठिकाणी मांडून त्यांची बेरीज करणारे कोणी त्या दिवाणखान्यात बसलेले नसते.

मला याहूनही गंभीर वाटते ती गोष्ट निराळीच आहे. पाऊस पडेल असा अंदाज करणारा ज्योतिषी स्वतः पाऊस पाडीत नाही. पण ऑगस्टपर्यंत दहा नावे गळतील असा अंदाज करणाऱ्याच्या हातीच गाळणी असते. 1973 साली चार वर्षांच्या शिष्यवृत्तीच्या जागी वर्षागणिक नूतनीकरणाची शिष्यवृत्ती आली, आणि दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षातील मंद निघालेल्या खेळाडूस, त्याचा काही अपराध नसताना, बरखास्त करण्याचा मार्ग कायदेशीर झाला. दुखापतग्रस्त खेळाडूस वैद्यकीय दाखल्याने कायमचा अपात्र ठरविले तर त्याची शिष्यवृत्ती चालू राही पण 85 च्या गणतीत ती धरली जात नसे, ही मूळची करुणेची तरतूद. परंतु आपला गुडघा किती मोडला आहे हे डॉक्टरांच्या इतकेच प्रशिक्षकाच्या हिशेबाने ठरते की काय, अशी शंका कित्येक खेळाडूंच्या मनात येऊन गेली. आणि जो नवा आहे, त्याला 'ग्रेशर्ट' देण्यात येतो, म्हणजे जानेवारीपर्यंत घरी थांबण्यास सांगण्यात येते. ही गोष्ट सहीपूर्वीच उघडपणे सांगून ठरवली असेल तर तिच्यात काहीच वावगे नाही. ऑगस्टात सांगितली तर तिला दुसरे नाव शोधावे लागते. फ्लोरिडा विद्यापीठाचे अध्यक्ष बर्नी मेचन यांनी 2011 साली या प्रथेचा जाहीर धिक्कार केला, आणि त्यांचे विद्यापीठ प्रथा जेथे फोफावली त्याच साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सदस्य होते, हे विशेष.

त्या महासंघात हा वाद फार जुना होता. साठच्या दशकात तेथे फुटबॉलसाठी वर्षाला 45 मुलांना करारबद्ध करण्याची मुभा होती, परंतु फुटबॉल आणि बास्केटबॉल मिळून शिष्यवृत्तीधारक 140 च्या वर जाता कामा नयेत असेही कलम होते. पंचेचाळीस चोक एकशे ऐंशी, हे गणित चौथीतल्या पोरालाही यावे. म्हणजे जे महाविद्यालय आपली मुभा पुरती वापरील त्याला दरवर्षी मुले हाकलल्याखेरीज गत्यंतर नव्हते. अटलांटाच्या जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक बॉबी डॉड यांचे म्हणणे असे की, आपण निवडलेला मुलगा अपेक्षेइतका चांगला निघाला नाही तर चूक निवडणाऱ्याची, आणि तिचे प्रायश्चित्त त्या मुलाने पदवी घेईपर्यंत त्याचा खर्च सोसून निवडणाऱ्यानेच घ्यावे. नियमात दुरुस्ती करण्याची त्यांची तजवीज फसली, तेव्हा जॉर्जिया टेक, 1932 पासूनची संस्थापक सदस्य असूनही, जानेवारी 1964 मध्ये महासंघाबाहेर पडली. एका मोडक्या गुडघ्याच्या, मंद पायाच्या मुलाला वर्गात बसू द्यावे म्हणून एखाद्या संस्थेने प्रतिष्ठेवर आणि उत्पन्नावर पाणी सोडल्याची उदाहरणे क्रीडेच्या इतिहासात फार नसतील.

उत्तरेकडील बिग टेन महासंघाने 1956 सालीच ही वाट बंद केली होती. दक्षिणेने मात्र मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांनी 2009 साली एकाच वर्षी 37 सह्या गोळा करेपर्यंत वाट पाहिली. मग सह्यांवरच 28 ची, आणि 2011 च्या ठरावाने 25 ची मर्यादा आली. आता 2025 च्या न्यायालयीन तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादाच जाऊन संघात 105 खेळाडूंची मर्यादा आली आहे, आणि या नव्या आकड्यापायी ज्यांची नावे आधीच कापली गेली त्यांच्यासाठी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी तडजोडीची मंजुरी अडवून धरली. शेवटी त्या मुलांना मोजणीतून सूट मिळाली. त्यांना परत घ्यावेच, असे बंधन मात्र कोणावर घातले गेले नाही.

2010 च्या ऑगस्टात लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या वसतिगृहात सामान लावून बसलेल्या एका नव्या मुलाला तेथील प्रशिक्षकाने बोलावून सांगितले की जागा उरली नाही, जानेवारीत ये. त्याने सामान पुन्हा बांधले आणि तो केंटकीला गेला. तेथे त्याचे मन रमले नाही; तो परत आला, ज्या पंगतीतून उठवले तिच्याच दाराशी, या वेळी शिष्यवृत्तीवाचून. प्रथेचे समर्थक हा दाखला मोठ्या उत्साहाने देतात, आणि मी तो प्रथम ऐकला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. 2013 च्या हंगामात तो त्या संघाचा सेंटर होता. प्रत्येक खेळीचा चेंडू प्रथम त्याच्या हातात येई, आणि तो मागे सोपवल्याखेरीज इतर दहा जणांची खेळी सुरू होत नसे.