पूर्वपदावर आलेल्या जीवनाचे छायाचित्र

दंगलीनंतर संचारबंदी शिथिल झाली की मराठी वृत्तपत्रांत एक ठराविक वाक्य अवतरते: 'जनजीवन पूर्वपदावर'. त्यासोबत बहुधा गजबजलेल्या मंडईचे किंवा उघडलेल्या दुकानाचे छायाचित्र असते. ते वरकरणी निरुपद्रवी असले, तरी एक अख्खे कथन गृहीत धरते: 'पूर्वपद' नावाचे निर्वैर स्थान आधी होते, मध्यंतरी ते ढळले, आणि आता समाज तेथे परतला आहे. जखमी वस्तीतील रोजचे जगणे टिपू पाहणाऱ्या छायाचित्रकाराची नैतिक अडचण येथूनच सुरू होते. साधे दृश्य टिपणे म्हणजे वस्तीला तिचे साधेपण परत देणे, की घडलेल्यावर पांघरूण घालणे?

सोलापुरात ही अडचण विशेष तीव्र होते. ऑक्टोबर २००२ मध्ये, अमेरिकेतील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर प्रेषित महंमदांविषयी काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदच्या वेळी या शहरात दंगल उसळली. माणसे मेली, संचारबंदी लागली. (दूरच्या पडद्यावरील शब्द गिरणगावाच्या गल्लीत येऊन माणसे मारतात, हे प्रतिमांच्या युगाविषयी पुष्कळ काही सांगते.) हेच शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे पुतळे त्याने एकत्र उभारले आहेत. तो अभिमान खराच आहे. परंतु 'आमचे शहर मुळात असे नाही' हे सिद्ध करण्यासाठी तो पुढे केला, की तीही 'पूर्वपदा'चीच आवृत्ती ठरते.

मग कॅमेरा कोठे वळावा? विडी वळणारी स्त्री घ्या. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू. बोटे पान वळतात, दोरा बांधतात. हे काम पद्मशाली घरांत चालते, मुसलमान घरांतही चालते. चौकट फक्त हात आणि सूप एवढीच असेल, तर बाईचा धर्म कळत नाही. मजुरी नगावर मिळते. कारखाना बंद म्हणजे पान नाही, तंबाखू नाही आणि त्या दिवसाची चूलही नाही. संचारबंदीने या बाईचे केलेले नुकसान रिकाम्या सुपाएवढे असते, आणि रिकामे सूप छायाचित्रात नुसतेच रिकामे सूप दिसते. अत्जेने टिपलेल्या पॅरिसच्या ओस रस्त्यांविषयी वॉल्टर बेन्यामिनने म्हटले होते की ते गुन्ह्याच्या जागेसारखे भासतात. छायाचित्राला आता ओळीची जोड अपरिहार्य झाली आहे, हेही त्यानेच ओळखले होते.

खरा पेच त्या ओळीत आहे. सुपाच्या चित्राखाली स्त्रीचे नाव आणि मोहल्ला छापला, की चित्र 'दंगलग्रस्त समाजाचे' होते. न छापला, तर ते 'श्रमाचे सौंदर्य' म्हणून दिवाणखान्यात टांगता येते. आणि दंगलीत तरी वेगळे काय घडते? 'नाव काय?' हा प्रश्न तेथे माणसाला त्याच्या इतर सर्व ओळखींतून उपटून एकाच ओळखीवर आणून उभा करतो. नावावरूनच अर्थवान होणारे छायाचित्र सहानुभूतीपोटी का होईना, तोच प्रश्न विचारते. कॅमेऱ्याला ही सवय जुनी आहे. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्यांची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट ज्या शहराने पाहिली, त्या शहरात तरी अशा वर्गीकरणाला निव्वळ ज्ञान म्हणता येणार नाही.

तरीही अनामिकता हा उपाय नव्हे. नाव पुसले की अत्याचारही पुसला जातो, आणि ते करणाऱ्यांच्या सोयीचे असते. ओळ असावीच, मात्र तिच्यात काय यावे, हे सांगण्याचा पहिला हक्क चित्रातल्या माणसाचा आहे. समीक्षेला हा निकष अपुरा वाटेल, कारण तो कलाकृतीबाहेरचा आहे. परंतु छायाचित्र हे कादंबरीतील पात्र नव्हे. त्यातला माणूस चित्र छापल्यानंतरही बाजारात जातो, काम मागतो.

मार्च २००२ मध्ये अहमदाबादेत अर्को दत्ता यांनी टिपलेले, हात जोडून याचना करणाऱ्या शिंप्याचे छायाचित्र जगभर गेले. तो शिंपी काही काळ महाराष्ट्रात, मालेगावात येऊन राहिला. तेथेही चित्रामुळे ओळखला गेला आणि कामाला मुकला. पुढे तो कोलकात्यास गेला. त्या चित्राने सत्य सांगितले, आणि तसे करताना त्याच्याकडून नेमके रोजचे जीवनच हिरावून घेतले. त्याच दंगलीत सळई उंचावलेल्या ज्या चर्मकाराचे छायाचित्र गाजले, त्याने २०१९ मध्ये अहमदाबादेत चपलांचे दुकान उघडले, तेव्हा उद्घाटनाला हा शिंपी होता. साहजिकच तेथेही कॅमेरे होते. दुकान, चपला, दोन प्रौढ माणसे: याहून दैनंदिन दृश्य कोणते? पण २००२ ची ती दोन चित्रे वगळली, तर तो फोटो कोणी छापलाच नसता.